लाल निघालेली संत्री

१२ जानेवारी, सोमवार
आणि वर म्हणे मीठ मीच जास्त घातलं. हरिहरकाकांनी, इथले कूक असून, स्वतः चव घेतलेली नाही, बरणी कोणी उघडी ठेवली ते विचारलं नाही, सरळ माझ्यावर. मागच्या आठवड्यात करपलेला भात माझ्यावर, त्याच्या आधी फ्रिजचं दार माझ्यावर. या बंगल्यात काहीही झालं की हेल्पर साईनाथ. मी उलट बोललो नाही. बोललो असतो तर काकांना लागलं असतं, म्हणून. घाबरून नाही.
उद्या काका गावाला चालले. मुलाच्या घराची वास्तुशांत आहे. परत यायचं की नाही ते तिकडे ठरवणार, गुडघे गेलेत म्हणे. रात्री मला म्हणाले, शेफसाहेब, गॅस बंद करत जा, बाकी काही करू नका.
जळतात.

१३ जानेवारी, मंगळवार
काका गेले. किचन माझं.
सकाळी देवेशशेठने बोलावलं. शेठ सोफ्यावर, मी गालिच्याच्या बाहेर. म्हणाले, पंचवीसला आमच्या करिश्माच्या होणाऱ्या सासरची येतायत जेवायला, लग्नाची तारीख पक्की करायला. जेवण नीट झालं तर हरिहरच्या जागी तूच. नाही झालं तर तुझा तू मोकळा.
म्हटलं, शेठ, टेन्शनच घेऊ नका.
बाहेर येऊन चहा ओतला, तो अर्धा बशीबाहेर. थंडी आहे ठाण्याच्या कोपरीत, खाडीचा वारा लागतो.
आता मोकळा होणं परवडणार नाही. वडापावची गाडी झाली, मोबाईलचं दुकान झालं, कल्याणचं लॉज झालं, डोंबिवलीची डाईंग कंपनी झाली. प्रत्येक ठिकाणी मालकच बरोबर नव्हता. ही जागा गेली तर अंबडला परत, महेंद्रदाजींच्या शेडमध्ये मोसंबी निवडायला. दाजी पाठीमागे उभे राहून बघतात. काही बोलत नाहीत, नुसते बघतात. त्यापेक्षा खाडी बरी.
तेव्हा कूक व्हायचंच.

१३ तारीखच, रात्री
करिश्माताईने मेन्यू सांगितला. सगळं आंबट फळांचं. थंडीचा सीझन आहे, संत्री, मोसंबी, लिंबू, पपनस, सगळं बहरात आहे, तर थीम ठेवायची. संत्र्यातलं पापलेट, सालीची चटणी, मोसंबीचं सॅलड, संत्रा बासुंदी. मोबाईलवर दाखवलं. एक गोरी बाई हसत हसत फळं चिरत होती, बोट एकदाही कापलं नाही.
विचारलं, जमेल का रे साई?
म्हटलं, ताई, मी अंबडचा. तिकडे पोरं चालायच्या आधी मोसंबी सोलतात.
आमची बाग नाही हे सांगायची गरज वाटली नाही.
संकल्प : रोज एक पदार्थ ट्राय करायचा. पहाटे उठायचं. चाकूला धार लावून आणायची.

१४ जानेवारी, संक्रांत
उशिरा उठलो. सण आहे.
संत्रा बासुंदी ट्राय केली. दूध छान आटलं. गरमागरम असतानाच संत्र्याचा रस ओतला, म्हणजे चव आत उतरेल. दूध फाटलं. दुधाचा दोष. टँकरचं दूध असणार. पिळून पनीर केलं आणि खाल्लं, पुरावा राहायला नको.
गंगुबाई आजी दारातून बघत होत्या. शेठच्या आई. जन्म मिठागरावर गेला, आता बंगल्याच्या ओट्यावर बसून अख्ख्या कोपरीवर लक्ष. तिळगूळ दिला आणि म्हणाल्या, गोड बोल रं पोरा, पन आदी गोड कराला शिक.

१६ जानेवारी, शुक्रवार
सालीची चटणी. कडू जहर. मोबाईलमधल्या बाईने पांढरा पापुद्रा काढायचा हे सांगितलंच नव्हतं. सांगितलं असेल, इंग्लिशमध्ये. शेठने एक घास खाल्ला आणि पाणी मागितलं. म्हटलं, शेठ, तब्येतीला चांगली. म्हणाले, मग तू खा.
संध्याकाळी आईचा फोन. तिने गल्लीत सांगितलंय, पोरगा ठाण्यात शेफ आहे. शेजारच्या काकू विचारत होत्या शेफ म्हणजे काय. आई म्हणाली, स्वयंपाक्याच्या वरचा. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

१८ जानेवारी, रविवार, अमावास्या
अंगणातलं पपनस काढायला आजींनी चढवलं. अमावास्येला झाडावर चढू नये असं आमच्याकडे म्हणतात. आजींकडेही म्हणतात, पण त्या खाली उभ्या होत्या. फांदी हलली. मी ओरडलो नाही, हाक मारली.
पापलेटला संत्र्याचा आणि लिंबाचा रस लावून दिवसभर ठेवलं. जितकं जास्त मुरेल तितकं बरं. काढलं तर मासा न शिजवताच पांढराफट, बोट लावलं की भुसा. आजी म्हणाल्या, मेलेला मासा परत मारलास तू.
तरी बासुंदी सोडून बाकी सगळं जवळजवळ जमतंय. फुल कॉन्फिडन्स.

२२ जानेवारी, गुरुवार. दुपारी. अक्षर बघू नये.
क्रमाने लिहितो.
शेठ कोर्टात, खडवलीच्या जमिनीच्या केससाठी. ताई क्लासला. वहिनी, म्हणजे शेठच्या मिसेस, पार्लरमध्ये. घरात मी आणि आजी. बेल वाजली. एक माणूस, डोक्यावर हेल्मेट, काच खाली. हातात बॉक्स. म्हणाला, करिश्मा मॅडमना द्या. विचारलं, कोणी पाठवलंय? म्हणाला, त्यांना कळेल. आणि गेला. हेल्मेट काढलंच नाही.
बॉक्सवर परदेशी अक्षरं. आत संत्री. लहान, गोल, स्टिकर लावलेली, प्रत्येकाला कागद गुंडाळलेला. एवढं कोण गुंडाळतं संत्र्याला? मनात म्हटलं, प्रॅक्टिसला एक घेऊ. कापलं.
आतून लाल.
म्हणजे गुलाबी वगैरे नाही. लाल. पाटावर लाल, चाकूवर लाल, अंगठ्यावरून मनगटापर्यंत ओघळ. दुसरं कापलं, ते आणखी गडद, मधे काळपट. तिसरं कापायची हिंमत, म्हणजे गरज वाटली नाही.
आजींना हाक मारली. त्या आल्या, बघितलं आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मी मिठागरावर वाढलेल्या बाईला घाबरताना पहिल्यांदा बघितलं. त्यामुळे मला जरा जास्त झालं. म्हणाल्या, ह्या फल नाय पोरा. ह्या कोनी केलंय. कापलेल्या लिंबाला कुंकू लावून दारात टाकतात, त्यातलाच प्रकार, फक्त ह्या लोकांकडे पैसा हाय म्हनून बॉक्स धाडलाय.
कोणी ते त्यांनी लगेच सांगितलं. खडवलीच्या जमिनीवाले चुलते. आज केसची तारीख, आजच बॉक्स. आणि पोरीच्या नावाने.
सगळं जुळतंय.
एक गोष्ट आजींना सांगितलेली नाही. कापल्यावर सवयीने मी अंगठा चाटला होता.

२२ तारीखच, संध्याकाळी
जीभ चुरचुरतेय. गोड लागलं होतं, हेच वाईट. करणीचं गोडच लागणार.
आजींनी ठरवलंय. उद्या दुपारी बाराला बॉक्स खाडीत सोडायचा. घरात कोणाला सांगायचं नाही, करिश्माच्या लग्नाला दृष्ट लागेल. जाताना बोलायचं नाही, मागे वळायचं नाही, येऊन पाय धुवायचे. मी म्हटलं, आजी, तुम्ही पण चला. म्हणाल्या, माजे गुडगे.
सगळ्यांचे गुडघे नेमके कामाच्या वेळी जातात.

२३ जानेवारी, शुक्रवार
काम फत्ते. कोपरीच्या पुढे, खाडीकाठी. एकही शब्द बोललो नाही. फक्त वॉचमनने विचारलं कुठे चाललास, तर म्हटलं कुठे नाही. मागे वळलो नाही. एकदाच, रिक्षा येते का बघायला. संत्री एकेक करून टाकली. बुडली नाहीत. सगळी वर तरंगत होती आणि माझ्याकडे तोंड करून. संत्र्याला तोंड नसतं हे मला माहीत आहे.
पाय धुतले. आजींनी विचारलं, पानी चढतं होतं का उतरतं? म्हटलं, पाणी होतं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, भरती का ओहोटी रं? आमच्या अंबडला पाणी एकतर असतं किंवा नसतं. ते चढतं-उतरतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

२३ तारीखच, संध्याकाळी
करिश्माताई क्लासवरून आली. पहिलं वाक्य : साई, ब्लड ऑरेंजचा बॉक्स आला का?
हिला ब्लडचं कसं कळलं?
मग तीच सांगत बसली. फळाचं नावच ते आहे. परदेशातलं संत्रं, आतून लाल असतं, थंडीतच येतं. प्रीतमने पाठवलंय. प्रीतम म्हणजे तिचा होणारा. वाशीला परदेशी फळांच्या कंपनीत आहे. मला नुसतं कंपनीत, एवढंच माहीत होतं. आम्हा नोकरांना एवढंच सांगतात. त्याच्या आईसमोर त्याच संत्र्यांचं सॅलड करायचं, सरप्राइज.
म्हटलं, आला ना. खाली स्टोअरमध्ये ठेवलाय. थंडाव्याला.
आजींकडे बघितलं. आजी जप करत होत्या. एरवी कधी करत नाहीत.
नंतर किचनमध्ये गाठलं. म्हटलं, आजी, आता? म्हणाल्या, मना काय इचारतंस, टाकली कोनी?

२४ जानेवारी, शनिवार
सकाळी स्टेशनजवळ भाजी आणायला गेलो. हातगाडीवर ढीग. लहान, गोल, स्टिकरवाली. भय्या ओरडत होता, इम्पोर्टेड, इम्पोर्टेड. काल संध्याकाळी खाडीवरची पोरं देऊन गेली म्हणाला, पाण्यातून वाहत आलेली.
परत आली.
टाकलेली वस्तू परत येते म्हणजे काय ते मला माहीत आहे. फळाचं नाव काहीही असू दे. मी तिथून चालत निघालो. धावत नाही, भरभर.
घरी येऊन विचार केला. विकत घेता आली असती. पण हात लावायचा कोणी? शिवाय माझ्याकडे प्लॅन बी आहे. मोसंबी आणि बीट. बीट उकडून रस काढला, मोसंबीच्या फोडी त्यात बुडवल्या. वरून एकदम सेम. आतून पिवळ्या, पण आत कोण बघतंय? चव बघायला एक वाडगा खाल्ला, मग उरलेलं बीट पण खाल्लं, वाया कशाला. सॅलडमधला कांदा गुलाबी झालाय, तो थीममध्ये बसतो.
अंबडचं डोकं आहे हे. उद्या संध्याकाळी याच वेळी मी कूक.

२५ जानेवारी, रविवार, सकाळी
लिहवत नाही. मोरीत गेलो. लाल.
परत गेलो. परत लाल.
संपलं. अंगठा चाटला तेव्हाच लागलं मला.

२५ जानेवारी, दुपारी
आईला फोन केला. नुसता आवाज ऐकायला. म्हणाली, जेवलास का? म्हटलं, आई, मी काही चुकलो असेन तर. ती म्हणाली, नीट बोल, कुकर लावलाय.
निर्णय : मरायच्या आधी सगळं खरं सांगायचं. शेठना, ताईला, सगळ्यांना. जेवण वाढून झाल्यावर. वाढायच्या आधी सांगितलं तर नोकरी जाईल.

२५ जानेवारी, संध्याकाळी, स्टोअररूममधून
लपलेलो नाही. तांदूळ बघायला आलोय.
पाहुणे आले. प्रीतम, त्याची आई, एक मामा. दाराच्या फटीतून सगळं ऐकू येतं. चपला काढता काढता प्रीतम म्हणाला, गंमत बघा, तुमच्या स्टेशनजवळ गाडीवर आमचा माल. आणि टेबलावर एक संत्रं ठेवलं. स्टिकर दाखवला. ही पेटी ठाण्यात फक्त तुमच्याच घरी पाठवलेली, म्हणाला. आवाज हसरा होता, पण मध्येच तुटला.
मग मामा म्हणाला, आवडली नसतील, विकली असतील. हल्ली विकतात लोकं गिफ्ट.
शेठ गप्प बसले की भिंतीसुद्धा घाबरतात.
करिश्माताईने हाक मारली. साई!
मी निघतोच आहे.

२५ जानेवारी, सगळे गेल्यावर
मी स्वतःहून बाहेर आलो. दार करिश्माताईने उघडलं आणि कॉलर धरली, एवढंच.
सगळं सांगितलं. हेल्मेट, लाल रस, अंगठा, खाडी, तरंगणं, हातगाडी. म्हटलं, शेठ, मी वाईट केलं नाही, तुमच्या घरावरचं उतरवलं. माझ्यावर घेतलं. आज सकाळपासून मला लघवीला रक्त आहे, माझे थोडेच दिवस उरलेत, तेव्हा प्रीतमभाऊंनी ताईला काही बोलू नये.
एवढं चांगलं मी आयुष्यात बोललो नव्हतो. डोळ्यात पाणी आलं, माझ्याच.
ताई म्हणाली, काल तू काय खाल्लंस?
म्हटलं, काही नाही. बीट.
आधी कोणाला काही कळलं नाही. मग प्रीतमने सॅलडमधली एक फोड उचलली, मधोमध तोडली. आत पिवळी. त्याच्या बोटांना रंग लागला. म्हणाला, ही मोसंबी आहे. बिटात बुडवलेली.
तर बिटामुळेही लाल होतं. हे शाळेत शिकवत असतील. आठवीनंतर.
शेठ उठले. माझ्याकडे नाही, आजींकडे बघितलं. आय, तुला माहीत होतं? मला वाटलं आजी आता जप काढणार. पण म्हणाल्या, मीच सांगलं त्याला टाक म्हनून. बिन नावाची पेटी, कापली तं रगत. माज्या नातीच्या नावानं आलेली. मी काय समजू?
मग प्रीतमची आई. हळूच म्हणाली, मी पण प्रीतमला हेच म्हटलेलं. आमच्याकडे एक कापलं आणि मला घामच फुटला. म्हटलं, घरात ठेवू नकोस बाबा, कुठेतरी देऊन टाक.
आजी म्हणाल्या, म्हंजे तुमच्याकडनं काढलीव आनि आमच्या घरी धाडलीव?
मामाने पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला. माझ्या मनात आलं, मोडलं लग्न. आणि माझ्यामुळे. मोडलं असतं तर मी अंबडलाही गेलो नसतो, कुठेच गेलो नसतो.
करिश्माताईने टेबलावरचं संत्रं घेतलं. नखांनी सोललं. रस कोपरापर्यंत आला, नव्या ड्रेसवर पडला. एक फोड तोंडात टाकली, सगळ्यांच्या समोर, आजींच्या डोळ्यात बघत. चावत राहिली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. शेठसुद्धा. खरं सांगायचं तर वाट बघत होतो. प्रीतमने तिच्या हातातून दुसरी फोड घेतली आणि खाल्ली. बिया पण गिळल्या असाव्यात.
कोणाला काही झालं नाही.
मग प्रीतमची आई म्हणाली, दे गं मला एक. आजी म्हणाल्या, मना नको. पण हात पुढे केलेला.
मला कोणी विचारलं नाही. मी मागितलीही नसती.
फाल्गुनातली तारीख धरली. जेवण बाहेरून मागवलं.

२६ जानेवारी, सोमवार
शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी समजून घेतलं असतं. म्हणाले, हरिहर उद्या येतोय, गुडघ्याला पट्टा बांधून. तुझा हिशेब करतो. पेटीचे त्यातून कापलेत, पापलेटचे कापलेत.
मी म्हटलं, शेठ, मीच सोडायचा विचार करत होतो.
बॅग भरली. आजी ओट्यावर होत्या. पिशवीत काहीतरी दिलं, वर बघितलं नाही. बाहेर येऊन उघडलं. चपाती आणि बोंबलाची चटणी. म्हणाल्या होत्या, कोनाला सांगू नको मी भ्याले म्हनून. सगळ्यांसमोर स्वतःच सांगून मोकळ्या झालेल्या, तरी.
लग्न माझ्यामुळे ठरलं हे मात्र कोणी लक्षात घेतलं नाही.

३१ जानेवारी, शनिवार, विठ्ठलवाडी
नवीन काम. कॅटरिंगवाला. किचन डिपार्टमेंटच आहे. सध्या लिंबू बघतो. आठशे पानांना आठशे फोडी. प्रत्येक लिंबू कापण्याआधी जरा थांबतो. तोंड बाजूला करून कापतो. मालक म्हणाला, काय रे, लिंबू उडी मारणार आहे का? म्हटलं, डोळ्यात उडतं. आतापर्यंत सगळी पांढरी निघालीत.
संकल्प : इथे टिकायचं. महिन्याभरात भाजीवर, मग रश्शावर.
आईचा फोन आला. दाजी मागे बसलेले असावेत, खोकल्याचा आवाज आला. विचारलं, शेफचं कसं चाललंय? म्हटलं, मोठ्या ठिकाणी गेलो, आठशे माणसांचं असतं. ती खूश झाली. मग आवाज बारीक करून म्हणाली, एकट्याला तिकडं भ्या नाही ना वाटत? म्हटलं, कशाची भीती. ती हो म्हणाली. मी फोन ठेवला नाही, तिने ठेवेपर्यंत.
इथला पगार महिन्यानंतर. शेठकडचं उरलेलं, त्यातून झोपायच्या कॉटचं भाडं गेलं, एक वेळचं जेवण मालकाकडे, एक वेळ बघू.
आईला पाठवतोय : चारशे साठ रुपये.